जयवंताबाईंनी लस घेतली

कामठीच्या जयवंताबाई ठवकर एसटीत वाहक होत्या. चालत्या गाडीत दांड्याला हातही न लावता त्या मागच्या बाकापर्यंत तिकिटं देत जायच्या. मग एका उन्हाळ्यात डावा पाय जड झाला, एका डोळ्यापुढे धुकं आलं. सीताबर्डीच्या डॉक्टर मॅडमनी एमआरआय पाहून आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते. झटका येतो, ओसरतो, पण जाताना थोडं काहीतरी घेऊन जातो. गाडीवरचं काम सुटलं, डेपोत पास देण्याच्या खिडकीवरचं मिळालं.

त्या पहिल्या झटक्याच्या थोडं आधी बसचा पत्रा लागला म्हणून त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं. मॅडमनी समजावलं होतं, तो योगायोग. पण ज्याचा पाय गेला त्याला योगायोग कसा पटावा?

त्यामुळे करोनाची लस आली तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. या आजाराच्या रुग्णांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे रोज कोणी ना कोणी लिहायचं, लस घेतली आणि हात सुन्न झाले.

मॅडम म्हणाल्या, "भीती मला कळते. पण करोनाच झाला तर त्याच्या तापानं झटका येण्याचा धोका आहे. तुमचं औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून लस कधी घ्यायची ते मी बघून सांगते."

"मॅडम, तुम्ही सांगता ते खरं असन. पण पाय माझा हाय."

घरी सासू, पंचफुलाबाई. वय झालेलं, दमा सोबतीला. नवरा दुर्गेश त्यांना लसीच्या केंद्रावर न्यायला निघाला, तर म्हातारी खाटेवरून हललीच नाही.

"माही सून नाही घेऊन राहिली, त मी काहून घेऊ?"

"आई, तुमचं वेगळं हाय," जयवंताबाई म्हणाल्या. "तुम्हाले काही झालं त?"

"अन् तुले झालं त? मले एकटीले वाचून काय करायचं हाय वं?"

शेजारच्या गल्लीतली दोन माणसं त्या आठवड्यात करोनानं गेली होती. जयवंताबाई चार दिवस धड जेवल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन करून तारीख विचारली.

सासूसुना एकाच ऑटोनं गेल्या. सासूचा नुसता दंड दुखला. जयवंताबाईंना मात्र दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि दुपारी न्हाणीकडे जाताना डावा पाय पार निकामी झाल्यासारखा दुमडला. दुर्गेशनं सावरलं. त्या भिंतीला टेकून रडू लागल्या, "मी म्हणत होती ना! म्हणत होती ना!"

मॅडमनी फोनवर दुर्गेशकडून सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अंग तापलं की जुनी दुखणी वर येतात. हा नवा झटका नसावा. तापाची गोळी द्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा. ताप उतरूनही पाय तसाच राहिला तर लगेच घेऊन या."

पंचफुलाबाई सुनेचं कपाळ पुसत बसल्या. आपल्या हट्टानं हे झालं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलू लागला. पूर्वी जेवढा उचलायचा तेवढाच, ओढत.

जयवंताबाईंनी ग्रुपवर सगळं लिहिलं: ताप आला, पाय गेला, फार भेव वाटलं, पाय परत आला. लस चांगली की वाईट, हे लिहिलं नाही.

ग्रुपमधल्या मनीषनगरच्या चिन्मयीचा फोन आला. तिला हा आजार होऊन वर्षच झालं होतं. "ताई, मी घेऊ का?"

"ते तुह्या डॉक्टरले विचार, बाई. अन् घेतलीच, अन् भेव वाटलं, त मले फोन कर."

चिन्मयीनं पुढच्याच आठवड्यात घेतली आणि फोन केला. अंगात ताप होता, ती हुंदके देत होती. जयवंताबाईंनी खिडकीवरचं काम शेजारच्या बाईला बघायला सांगितलं, बाहेर येऊन सावलीतल्या बाकावर बसल्या, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत बोलत राहिल्या.