सही विचारणारे सुभेदार

आमच्या लालबागच्या चाळीतले सुभेदारकाका दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले, पण लढाई कशी झाली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ती सुरू कोणी केली, तेवढंच सांगायचे. आम्ही पोरं तोफांच्या गोष्टी ऐकायला गॅलरीत त्यांच्याभोवती बसायचो, आणि हे आपले सह्यांच्या गोष्टी सांगत. "दिल्लीचा लाटसाहेब एका संध्याकाळी रेडिओवर बोलला, हिंदुस्थान लढाईत उतरला. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. मी तेव्हा गावी व्हाळाच्या पाण्यात म्हशी धूत होतो. म्हशी धुता धुता उतरलो लढाईत!"

खरं म्हणजे ते हवालदार. सुभेदार त्यांना चाळीने केलं. नव्या बिऱ्हाडाने तशी हाक मारली की विचारायचे, "बढती दिली कुणी? सही दाखव."

स्वराज्यावर मात्र त्यांचा फार जीव. "आता तसं नाही गो बाय," मला म्हणायचे. "फौज हलवायची तर हुकूम राष्ट्रपतींच्या नावाने निघतो, पण ठरवतं मंत्रिमंडळ. आणि त्यांना जाब विचारायला आपली माणसं बसलीत. म्हशी धुणाऱ्याला विचारल्याशिवाय आता लढाई नाही."

माझा दादा वसंत तिथेच दाढी करत असायचा. "मग तुम्हाला विचारायला पत्र आलं का, काका?"

"येईल रे! पोस्टाचा उशीर."

वडील गेल्यावर घर दादावरच होतं. वीस वर्षांचा, गिरणीत लागलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला, मोर्चाला तो पहिला. आईला ते अजिबात खपायचं नाही. काकांची एक गोष्ट मात्र तिलाही पाठ होती. इंग्रजांच्या वेळी एका गावात दंगल झाली आणि त्यांची तुकडी तिथे धाडली. साहेब गोळीचा हुकूम देईना. मॅजिस्ट्रेट आला, त्याने कागदावर सही केली, मग बिगुल झाला, मग कापडी फलक उघडला, 'पांगा, नाहीतर गोळी घालू'. तरी जमाव हलेना, तेव्हा साहेबाने एका शिपायाचं नाव घेऊन सांगितलं, एकच गोळी झाड. "गोऱ्याच्या राज्यातसुद्धा एवढं होतं," काका म्हणायचे.

एका मोर्चाच्या दिवशी सकाळी आई दारात आडवी उभी राहिली. "नाही जायचं. बाहेर बंदुका घेऊन उभे आहेत."

दादा चिडला. आरडाओरडा ऐकून काका आले. "जाऊ दे वहिनी, मी सांगतो ना. सहीशिवाय गोळी सुटत नाही. वसंता, बिगुल ऐकलास की मागे फिरायचं. त्याच्या आधी पळायचं कारण नाही."

आई काकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.

दुपारी गिरणीत दादाच्या खात्यात काम करणारा शंकर धापा टाकत आला. दारातच खाली बसला. "आम्ही पळालो, मावशी. वसंता थांबला. म्हणाला, अजून बिगुल कुठे झालाय?"

दादाला घरी आणला तो चादरीत गुंडाळून.

काकांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. पण ते फौजेचं होतं, आणि रस्त्यावर उभे होते पोलीस. एवढी वर्षं बंदूक धरलेल्या माणसाला हा फरक सुचला नाही. काकांचा आपल्या राज्यावर विश्वास होता, तो नडला.

तेराव्यानंतर ते कोरे कागद घेऊन आमच्याकडे आले. शाळा चौथीत सुटली तरी माझं अक्षर बरं होतं. अर्ज एका ओळीचा: 'गोळीचा हुकूम कोणी दिला, त्याचं नाव कळावं.' काका लष्करी कोट चढवून एकेका कचेरीत तो नेऊन द्यायचे. इथला म्हणे वरून आलं, वरचा म्हणे जागेवरच्याने ठरवलं, जागेवरच्याची बदली झालेली. असे किती अर्ज मी लिहिले, आठवत नाही. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. ते आले की पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची.

महाराष्ट्राचं राज्य झालं. लालबागभर कंदील लागले, पेढे वाटले. त्याच आठवड्यात काकांनी खोली सोडली आणि गावी निघाले. ट्रंक दारात ठेवून आत आले. आई तांदूळ निवडत होती.

"वहिनी, सगळीकडे विचारलं. हुकूम कुणीच दिला नाही म्हणतात. मग माझाच उरला. थांब म्हणून मीच सांगितलं त्याला."

आईने सूप खाली ठेवलं नाही. काकांनी दारातली ट्रंक उचलली आणि गेले.

पुढे काही महिन्यांनी सरकारी लिफाफा आला. मी वाचून दाखवला. योग्य त्या अधिकाऱ्याने, नियमाप्रमाणे, वगैरे. नाव नव्हतं.

आईने लिफाफा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "सुभेदारांना कार्ड लिही. नाव मिळालं म्हणून कळव."

"अगं, पण कुणाचं लिहू?"

"कुणाचंही लिही. त्यांचं नसलं म्हणजे झालं."