विहिरीतली चिलापी

अकोल्याच्या बाहेर नाल्याकाठी माझं भाजीचं वावर आहे. शहराची घाण नाल्यातून वाहते अन् झिरपून माझ्या विहिरीत उतरते. पाण्यावर फेस असतो. पण त्याच पाण्यावर मी वांगी पिकवली, तेच पाणी प्यालो अन् म्हातारा झालो. शाळा नावापुरती, पण पाण्याला नावं ठेवणाऱ्याले मी वावरात उभं केलं नाही.

सून भातकुलीची. लग्नाले वर्षं झाली, मूल नाही, अंगावर मांस नाही. पाहुण्यांसमोर मी तिले वांझ म्हणायचो, वर म्हणायचो, "ढोरावानी खाते, पन अंगी काई लागत नाई." ती मान खाली घालून वाढत राहायची. एक दिवस तिनं मान वर केली.

"मामाजी, पानी खराब आहे. आमाले अमरावतीले जाऊ द्या."

"खराब? विहिरीत मासे जगून राह्यले ना!"

"जगतेत. पन वाढतेत का?"

मग पैजच लागली. तिच्या भावानं शेततळ्यातली चिलापी माशाची पिल्लं कॅनमध्ये आणून दिली. अर्धी माझ्या विहिरीत, अर्धी तिच्या सिमेंटच्या टाक्यात, रस्त्यावरच्या नळावरून हंड्यानं आणलेल्या पाण्यात. पुढच्या पावसाळ्यात तिचे मासे मोठे निघाले तर नवरा-बायकोनं जायचं. माझे निघाले तर पाण्याचं नाव काढायचं नाही.

"मी सरकीची ढेप घालीन," मी बजावलं.

"घाला. मी शिळी भाकर घालीन."

म्हशीच्या तोंडची ढेप मी विहिरीत टाकली. मासे वर येऊन सारखे तोंड उघडत, कल्ले भात्यासारखे हलत. मले वाटे, भूक आहे. मी अजून टाकी. ते श्वासासाठी वर येत होते. उरलेल्या ढेपेनं पाणी आणखी आंबलं.

पावसाळा लागला. सुनेनं विळी घेतली. टाक्यातला मासा हातात मावेना. पोटात पिवळी अंडी गच्च. विहिरीतल्याचं डोकं तेवढं मोठं, मागं नुसता काटा. पोट चिरलं, चरबी नाही, अंडी नाहीत.

"नर असन," मी म्हटलं.

तिनं दुसरा चिरला. मग आणखी. सारे तसेच.

पोरगा दारात उभा होता. "एवढी ढेप गेली कुठं, बाबा?"

"जीव धरून राह्यन्यात गेली," सून म्हणाली. "दिसभर त्या घानीशी झगडाचं, मंग अंगी काय लागन? मामाजी, आता पाहुन्यांत याइलेबी वांझ म्हना."

शब्द दिला होता. दोघं अमरावतीले गेले. टाक्यातले उरलेले मासे मागं राहिले. अंगावर चरबी चढलेले ते मासे मी बादलीनं विहिरीत ओतले. म्हटलं, पाहू यांची मस्ती.

सकाळी ते सारे पोट वर करून तरंगत होते. माझे बारके त्यांच्या डोळ्यांना टोचे मारत होते.

मी सुनेले फोन लावला. "तुहे मेले. माहे जगले."

 ती म्हणाली, "जगू द्या."