ताप उतरल्याची बातमी

पाळणाघर चालवणाऱ्या मावशीला आयांचे चेहरे दारातूनच कळायचे. तिच्या मांडीवर वाढलेली पोरं आता मिशा फुटून रस्त्यात भेटत, एवढी वर्षं ती हेच करत आली होती. त्या सोमवारी सकाळी प्रत्येक जण मूल तिच्या हातात देऊन, नजर चुकवत पाठ फिरवत होता. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मावशीने तेव्हाच ओळखलं.

दुपारी मुलं झोपल्यावर तिने फोन उघडला. पालकांच्या ग्रुपवर बसड्रायव्हर असलेल्या एका बापाने शनिवारी लिहिलं होतं, की गोवराची लस टोचल्यावर त्याच्या मुलीला, चिमणीला, सणकून ताप भरलाय, दंडही सुजलाय. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘लस द्यायला आम्ही सध्या थांबतो,’ आणि एकामागून एक बाकीच्यांनी तीच री ओढली होती.

मावशीची नजर कोपऱ्यात निजलेल्या, टोपी घातलेल्या मुलावर गेली. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हा मुलगा रक्ताच्या आजारातून उठत होता. औषधं इतकी कडक, की डॉक्टरांनी त्याला ही लस सध्या देऊच नका म्हणून बजावलं होतं. इथे गोवर शिरला, तर पहिला घाला त्याच्यावर.

संध्याकाळी तिने सगळ्यांना थांबवून घेतलं. मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन चिमुकल्या बाकांवर बसली.

“आता बोला. मनात काय आहे?”

कापडदुकानात काम करणारी आई आधी बोलली. “खरं सांगू, मावशी? मला लसीची एवढी भीती नाही. पण उद्या काही झालं, तर सासूबाई, नणंद, सगळ्या म्हणतील, बाकीच्या थांबल्या होत्या ना, मग तुलाच कसली घाई झाली होती?”

बऱ्याच माना हलल्या. मावशीला राग आला नाही. एकट्याने चुकण्यापेक्षा दहा जणांत मिसळून चुकणं सोपं, हे तिला ठाऊक होतं. ती ड्रायव्हरकडे वळली.

“दादा, चिमणीचा ताप कधी उतरला?”

“दुसऱ्याच दिवशी की.”

“ते लिहिलंत?”

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. “घाबरलो तेव्हा लिहिलं. उतरल्यावर गेलो कामाला. बरं झाल्याचं कोण लिहितं, मावशी?”

तेवढ्यात चिमणीने पेलाभर पाणी बापाच्या बुटात ओतलं. खोलीत हशा पिकला.

हशा ओसरल्यावर शिवणकाम करणारी उठली. तिने थेट विषयालाच हात घातला. “गोवर तुमच्या मुलांनाही सोडणार नाही. माझ्या मुलाच्या अंगात तर लढायची ताकदच नाही. त्याच्याभोवती तुमचीच मुलं असतात दिवसभर.”

मावशीने लगेच सूत्रं हातात घेतली. “गुरुवारी दवाखान्यात सगळे मिळून जाऊ. मी येते. कुणाला ताप आला तर मला फोन करा. घरचे बोलले तर सांगा, मावशीने नेलं. बोल मला लागू देत, माझी कातडी जाड आहे.”

गुरुवारी दवाखान्याचा व्हरांडा भरून गेला. एक मूल रडलं, की बाकीची सूर लावत. ड्रायव्हरच्या मुलीची लस आधीच झाली होती, तरी तो रजा काढून आला आणि एका बापाच्या जुळ्या मुलांपैकी एकाला खांद्यावर नाचवत राहिला. त्याच जुळ्याला संध्याकाळी ताप आला. मावशी घरी जाऊन जुळ्यांच्या बापाशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचा निरोप आला: “ताप उतरला. दोघं खेळण्यावरून झोंबतायत.”

शाळेत शिकवणारी एक आई मात्र आली नाही. मावशी तिच्या घरी दोनदा समजवायला गेली, पण तिने मुलीला दुसऱ्या पाळणाघरात घातलं. मावशीच्या जिव्हारी लागलं ते. तरी तिला कुणी नावं ठेवू लागलं, की मावशी विषय तोडायची. “घाबरलीय बिचारी. तिला हसलात तर परत यायची वाटच बंद कराल.”

महिन्याभराने एक नवी आई बाळाला घेऊन चौकशीला आली. इकडेतिकडे बघत तिने हळूच विचारलं, “इथे सगळे लस देतात का हो?”

मावशीने मुलांना न्यायला आलेल्या पालकांकडे बोट केलं. “मला कशाला विचारतेस? त्यांनाच विचार.”

आणि सगळे एकदमच बोलायला लागले. सगळ्यांत मोठा आवाज ड्रायव्हरचा.