सौभाग्यवतींच्या हातचे हार

अमरावतीत लग्नाचे हार म्हटले की माणिकबाई, हे तीस वर्षं चाललं. हार ओवताना तिची मान वर होत नसे आणि तोंड बंद होत नसे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "सांजच्याले या, आता जीव नका खाऊ," म्हणून वाटेला लावायची. तरी लोक यायचे, गुगलवर पाच-पाच स्टार द्यायचे.

मागच्या वर्षी तिचा नवरा रामराव गेला. मुलगा शेखर रीतीप्रमाणे वागला. बापाचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, सगळीकडे टाकला. स्टेटसला, भावकीच्या ग्रुपवर आणि दुकानाच्या गुगलच्या पानावरसुद्धा. प्रेमापोटीच टाकला बिचाऱ्याने, पण वरमाला शोधणाऱ्याला आधी मेलेला माणूस दिसू लागला.

सहाएक महिन्यांनी एक स्टार आला. ‘हार सुंदर होते. नंतर कळलं, बनवणारी बाई विधवा आहे. आमच्या बहिणीचं लग्न चार महिन्यांत मोडलं. लोकांनी विचार करावा.’ लोकांनी केला. बावन्न जणांनी ते लाइक केलं. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तिचेच हार गेले असतील. मला त्या बावन्न जणांची अजून चीड येते. वैशाखात लग्नाची एकही ऑर्डर आली नाही.

मग सून वर्षालीने दुकानाकडून उत्तर लिहिलं, ‘आता आमच्याकडे लग्नाचे हार फक्त सौभाग्यवती बनवतात.’ कपाळभर कुंकू लावून ती गल्ल्यावर बसली. तिला साधी गाठ धड मारता येत नव्हती. माणिकबाई मागच्या खोलीत, पडद्याआड, तेच हार ओवू लागली.

ऑर्डरी परतल्या. ‘नव्या ताईंच्या हाताला गुण आहे,’ असं लोक लिहू लागले. शेखर पडद्याआड जाऊन वाचून दाखवी.

"हे पाय आई, पाच स्टार देल्ले."

"मले?"

"दुकानाले."

दिवाळीनंतर तिच्या मुलीचं, रागिणीचं लग्न ठरलं. माणिकबाईने हरखून गुलाब कोणते, कळ्या कुठल्या, सगळं मनात ठरवून ठेवलं. एका दुपारी रागिणी पडद्याआड येऊन बसली.

"आई, माह्या लग्नाचा हार तू नको बनवू."

"काहून वं? कोन बनवते, हे आता कोनाले मालूम हाय?"

"मले मालूम हाय ना."

माणिकबाईने पुढचा गुलाब ओवला. हातात दुसऱ्याच कोणाच्या पोरीचा हार होता, तो संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. बाहेर गल्ल्यापाशी उभा राहून शेखर मोबाइलवर गावातल्या दुसऱ्या हारवाल्यांचे स्टार पाहत होता.