रुमाल टाकून धरलेली सीट

मे महिना होता. लेकीचं रक्त बर्फाच्या थर्मासात घालून मी एसटीने हिंगोलीहून नांदेडच्या लॅबला निघालो होतो. आदल्या खेपेला बर्फ वाटेतच वितळला आणि नमुना वाया गेला. या वेळीही सीट मिळाली ती उन्हाची.

पलीकडच्या म्हाताऱ्याने खिडकीतून रुमाल टाकून सावलीची सीट धरली होती. थर्मासात काय आहे हे कळताच त्याने मला तिथं बसवलं, रुमाल भिजवून थर्मासाला गुंडाळला आणि स्वतः उन्हात जाऊन बसला. मी नको म्हणालो, तर म्हणाला, "मला घाम येतो, बाबा. रक्ताला येतो काय?"

वारंगा फाट्याला उतरताना त्याने थर्मास कानाशी धरून हलकेच कलता केला. आत बर्फ खुळखुळला. कुस्ती मारल्यासारखा हसत तो उतरला, रुमाल तसाच ठेवून.

नांदेडला लॅबवाल्याने झाकण उघडून विचारलं, "बर्फ इथंच घेतला का?"

"न्हाई," मी म्हणालो, "हिंगोलीचा हाय."