चार्ज या शब्दाचं ओझं

माझं पोट शब्दांवर चालतं. नव्या रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी अनुवादक आहे. इंग्रजी कागद आला की त्याचं हिंदी करायचं, हिंदी आला की इंग्रजी. घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, आणि माझी पोरगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. चार भाषांत वावरणारा माणूस शहाणा असतो, असा लोकांचा समज आहे. तसं काही नसतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

माझ्या टेबलावर सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे चार्ज. एकाच फायलीत तो तीनदा येतो आणि तिन्ही वेळा वेगळा निघतो. अधिकारी बदलला की प्रभार, त्याच अधिकाऱ्यानं घोटाळा केला की आरोप, घोटाळ्याच्या कागदांची नक्कल मागितली की शुल्क. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तरी चार्ज आणि चपराशाचा मोबाइल बंद पडला तरी चार्जच. एकदा वैतागून मी मोठा कोश काढून बसलो. मुळाशी निघाली साधी चाकाची गाडी. जुन्या गॉल लोकांचा तिच्यासाठी एक शब्द होता, तो रोमनांनी उचलून लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ केला. त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं आणि फ्रेंचांच्या तोंडून ते इंग्रजीत आलं. म्हणजे चार्ज हे मुळात ओझं. माणसावर लादलं की जबाबदारी, नावावर लादलं की आरोप, बंदुकीत भरलं की दारू. कार, कॅरी, करिअर ही सगळी त्याच गाडीची पिलावळ.

हे मी मोठ्या हौसेनं बाबांना सांगितलं. बाबा स्टेशन मास्तर होते. लहानसहान स्टेशनांवर जन्म काढून रायपुरात रिटायर झाले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मंग बराबर आहे. भरलेली गाडी कोणाच्या तरी नावावर पाहिजे. बेवारस नाही सोडत.”

त्यांच्या खात्यात ड्युटी बदलताना एक रीत असते. जाणारा मास्तर डायरीत लिहितो: कोणती लाइन अडलेली आहे, कोणती गाडी वाटेत आहे, कोणत्या किल्ल्या कुठे आहेत. येणारा ते वाचतो आणि सही करतो. सही झाली की चार्ज गेला. येणाऱ्याला ते रिलीव्हर म्हणतात. रिलीव्हर आला नाही तर जुन्यानं हलायचं नाही, मग आभाळ कोसळो. आजोबा वारल्याची खबर आली तेव्हा बाबा अशाच एका स्टेशनावर होते. रिलीव्हर संध्याकाळच्या मालगाडीनं आला. बाबा गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ही गोष्ट ते रडून सांगत नसत, की मिरवत नसत. असंच असते, म्हणत.

आईला लकवा मारला आणि तिची उजवी बाजू गेली, त्या दिवसापासून बाबांनी घरातच ड्युटी लावून घेतली. एक लांबडं रजिस्टर आणलं. किती वाजता गोळी दिली, किती वाजता कूस बदलली, लघवी झाली का, सगळं त्यात. रविवारी मी गेलो की ते भाजी आणायला निघत, पण त्याआधी मला समोर उभं करून ते पान वाचायला लावत. मोठ्यानं. “चार्ज घेतला” असं लिहून मी सही केल्याशिवाय त्यांची पिशवी खुंटीवरून निघत नसे. पन्नाशीतला मी, कार्यालयात चार जण मला सर म्हणतात, आणि इथं मी आईच्या लघवीची वेळ मोठ्यानं वाचतोय. मला त्याचा तिटकारा आला होता. लिहायला लाज वाटते, पण होताच.

शेजारच्या दीदी फार चांगल्या. कितीदा म्हणाल्या, “अंकल, आप जाइए ना, मैं बैठ जाऊंगी.” बाबा हसून नको म्हणायचे. परीक्षा पास न झालेल्या माणसाला चार्ज देता येत नाही, हा खात्याचा नियम त्यांनी दीदींनाही लावला होता. आईची कूस कशी बदलायची हे त्यांनी फक्त मला शिकवलं होतं. आख्ख्या रायपुरात मीच एकटा पास होतो.

त्या गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“जयभीम बेटा. छातीत जडजड वाटून राहिलं. डॉक्टरले दाखवून येतो म्हणतो. तू येतं का चार्ज घ्यायले?”

“ॲसिडिटी असेल बाबा. रविवारी येतोच आहे मी.”

“हव,” ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन. “काय मग, रिलीव्हर निघाला का?” आवाजात थट्टा होती, पण दम कमी होता. तो कमी असल्याचं मला कळलं, हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी सरकारी सुट्टी होती. मी अंगणात गाडी धूत होतो. नव्या रायपुरातून त्यांच्या घरापर्यंत अर्धा तास, रस्ते रिकामे. मी म्हणालो, “बाबा, दोन तास दीदींना बसवा ना. प्रत्येक वेळी मीच काहून पाहिजे तुम्हाले?” त्यांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, “बरं, पाहतो.” मी गाडी धुऊन काढली, पुसलीसुद्धा.

शनिवारी दुपारी दीदींचा फोन आला. बाबा आईच्या खाटेजवळच, खुर्चीत बसल्याबसल्या गेले होते. नंतर डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. डॉक्टरांना काय, ते सगळ्यांनाच असं म्हणतात, असं मी बायकोला सांगितलं. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही.

रजिस्टर मी तिसऱ्या दिवशी उघडलं. गुरुवारच्या पानावर, गोळीच्या वेळेखाली: “रिलीव्हर मागितला. उपलब्ध नाही.” शुक्रवारच्या पानावर तेच, आणि पुढे: “ड्युटी चालू.” तक्रार नाही, माझं नाव नाही. शनिवारी अकरा चाळीसला आईला पाणी पाजल्याची नोंद होती. अक्षर नेहमीसारखंच बारीक आणि सरळ होतं. माझ्याविरुद्ध यापेक्षा धड आरोपपत्र कोणी लिहू शकलं नसतं, आणि त्या माणसाच्या मनात आरोप करण्याचा विचारही नव्हता.

पुण्यानुमोदनाला भंडाऱ्याकडचे नातेवाईक आले. आईची खाट बैठकीत आणली होती. तिची जीभ जड झाली आहे, पण बोललेलं कळतं. जो येईल त्याला ती सांगत होती, “पोट्ट्याले सुट्टीच नाही भेटली. नाहीतर धावत आला असता. ते स्वतःच बोलले मले, साहेब सोडत नाही म्हणून.”

मी दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. तेव्हा मला कळलं की दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर बाबांनी आईकडे वळून काय सांगितलं होतं. आयुष्यभर डायरीत एक खोटा आकडा न लिहिलेला माणूस माझ्यासाठी आईशी खोटं बोलला होता. नातेवाइकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. नोकरी अशीच असते बाबू, म्हणाले.

आता आई माझ्याकडे असते. तिची कूस मी बदलतो, मला ते नीट जमतं. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की तिला माझा तो साहेब आठवतो. डावा हात जेमतेम वर उचलून ती म्हणते, “ज्यानं माह्या पोट्ट्याले सोडलं नाही, त्याचं वाटोळं होईल. त्याच्या मरणाच्या वक्ती त्याच्यापाशी कोणी राहणार नाही.” मग तिला धाप लागते. मी तिचा हात धरून खाली ठेवतो, तोंड पुसतो आणि म्हणतो, “हो आई. नाही राहणार.”