देवनहळ्ळीच्या यार्डात, नव्या बोगदायंत्रासमोर

जायचं ठरलं ते अप्पांना, माझ्या वडिलांना, आलेल्या फोनमुळे. देवनहळ्ळीजवळच्या एका यार्डात बोगदा खोदणाऱ्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं आणि पूजेचा नारळ अप्पांनी फोडावा, असं कंपनीचं म्हणणं होतं. बोगद्याच्या कामात ती रीतच आहे. सगळ्यांत जुन्या कामगाराने नारळ फोडल्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत. अप्पांचं काम सुटून बरेच महिने झाले होते.

"नारळाला बोलावलंय म्हणजे कामालाही घेतील," ते म्हणाले. मला खात्री वाटत नव्हती, तरी मी सोबत निघाले.

चामराजपेटहून मार्केटपर्यंत चालत गेलो आणि बस धरली. विमानतळाची एसी बस आरामाची, पण महाग. साधी बस पुरते. हेब्बाळनंतर रस्ता मोकळा होतो. देवनहळ्ळीच्या स्टँडसमोर ताटलीसारखी पसरट तट्टे इडली खाऊन घ्या, यार्डात चहाशिवाय काही नाही. बंद बूट हवेतच. चपला घालून आलेल्यांना फाटकावरून परत पाठवत होते.

यंत्र दुमजली घराएवढं उंच. तोंडावर पोलादी चकत्या. आपल्या भागातला खडक कठीण, त्यामुळे त्या लवकर झिजतात. बदलायच्या तर यंत्राच्या तोंडामागच्या चिंचोळ्या, तापलेल्या पोकळीत माणसाला शिरावं लागतं. अप्पांनी आयुष्यभर तेच केलं. मी शाळेत जायच्या आधी अशीच एक झिजलेली चकती घरी आणून त्यांनी मला वर्तुळ शिकवलं होतं.

अप्पा नारळ घेऊन यंत्रापाशी गेले, तसा पुण्याचा तरुण इंजिनिअर धावत आला.

"काका, एक मिनिट. मशीनवर नको, सेन्सर आहेत. या टबात फोडा ना."

निळ्या टबात वीट ठेवलेली होती. अप्पांनी वाकून नारळ फोडला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग एक यांत्रिक हात पोकळीत शिरला आणि झिजलेली चकती काढून नवी बसवून आला.

अप्पांनी इंजिनिअरला बाजूला घेतलं. "सर, नव्या पोरांना मी शिकवतो. पगार स्वल्प कमी असला तरी चालेल."

"शिकवणार कुणाला, काका? आत माणूस जाणारच नाही. पुढच्या मशीनचा तर ऑपरेटरही वर ऑफिसात बसेल."

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी धुमसत होते. "फोटोपुरतं बोलावलं तुम्हाला. तेही टबात."

"अगं, फुटला ना? झालं तर."

रागवायचं तरी कुणावर? लहानपणी अप्पांची रात्रपाळी असली की ते घरी येईपर्यंत मी भीतीने जागी राहायचे. असा यांत्रिक हात तेव्हा कुणी आणून दिला असता, तर मी पाया पडले असते.

घरी आईने विचारलं, "कधीपासून जायचं?" अप्पांनी तिला त्या हाताबद्दल सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता नवरा आत शिरलाय म्हणून कुठल्या बाईला फोनकडे बघत बसायला नको."

"तुलाही नको," अप्पा म्हणाले.

यंत्र पाहण्यासारखं आहे, जरूर जा. आईला बरं वाटलं यात तिचं काही चुकलं नाही. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत, यात त्यांचंही नाही.